मागच्या बाकावरचे पाळक

पाळक म्हणजे नक्की काय करणारा माणूस, हे मला नोकरीभर लोकांना समजावून सांगावं लागलं. एकदा एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी "काय करता?" म्हणून विचारलं. मी "पाळक आहे" म्हणालो, तर त्यांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं, "शेळ्या की कोंबड्या?" 'पाद्री' म्हणावं तर लोकांना लांब झगा घातलेला, बिनलग्नाचा माणूस आठवतो. आमच्या पंथात तसं नाही. आमच्या पाळकाला बायको असते, पोरं असतात, पोरांच्या शाळेच्या अडचणी असतात. रविवारी उपासना चालवणं, प्रवचन करणं हा कामाचा लोकांना दिसणारा भाग. खरं काम म्हणजे माणसांच्या घरी जाऊन बसणं. कोणी आजारी असेल तिथं, मूल झालं असेल तिथं, नवराबायकोचं बोलणं बंद असेल तिथं. चर्चला येणाऱ्या सगळ्या कुटुंबांना मिळून आम्ही 'मंडळी' म्हणतो, आणि पाळक त्या मंडळीचा असतो.

असतो म्हणजे, बदली होईपर्यंत.

बदल्या सगळ्याच नोकऱ्यांत होतात. पण बँकेचा मॅनेजर बदलला म्हणून कोणी रडत नाही. पाळकानं ज्या पोराच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा केलेला असतो, त्याच्या आईबापांचं लग्नही त्यानंच लावलेलं असतं आणि त्या पोराच्या आजीला मातीही त्यानंच दिलेली असते. लोक त्याला सोडायला तयार नसतात. म्हणून आमच्यात एक नियम आहे. मंडळी सोडली की तिथल्या कामात हात घालायचा नाही. कोणी कितीही आग्रहानं बोलावलं तरी तिथं जाऊन लग्न लावायचं नाही, बाप्तिस्मा करायचा नाही, मयताची प्रार्थनासुद्धा चालवायची नाही. ते सगळं नव्या पाळकाचं. ऐकताना हा नियम सोपा वाटतो. मलाही वाटायचा.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी जालन्याकडच्या एका गावातून वाशीजवळच्या कोपरखैरण्याला बदली झाली. गावातलं चर्च दगडी होतं, घंटा होती, पाळकाला राहायला मागे कडुनिंबाखाली घर होतं. माझी बायको रूथ तिथल्या बालवाडीत शिकवायची. ती नोकरी तिला सोडावी लागली. पाळकाची बदली झाली की पाळकीणबाईचीही होते, फक्त तिला कोणी विचारत नाही. ट्रकमध्ये सामान चढवताना ती एवढंच म्हणाली, "कुंड्या राहू दे. तिकडं ठेवायला जागा असेल-नसेल."

नव्हतीच. चर्चची इमारतही नव्हती. मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी जमायची. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसायची. फळ्यावर शनिवारी शिकवलेले पाढे तसेच असायचे, आणि माझं प्रवचन लांबलं की लोक ते वाचत बसायचे. जवळच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांतले कामगार, दवाखान्यांतल्या नर्स, एपीएमसी मार्केटातले टेम्पोवाले आणि कारकून अशी ही मंडळी. नगर, सोलापूर, जालना, जिथून तिथून आलेली.

आम्हाला कोपरखैरण्याला लागूनच बोनकोडे गावात हिराजी पाटलांच्या चाळवजा इमारतीत वरची खोली मिळाली. पाटील मूळचे तिथलेच, आगरी. पहिल्याच दिवशी जिन्यात उभे राहून त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"तुमी पाद्री ना?"

"हो."

"बेस. म्हंजे दारू नाय, भांडन नाय. फकस्त ती गानी जरा हलू बोला. माजी म्हातारी दुपारची झोपते."

पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर मी रीतीप्रमाणे दाराशी जाऊन उभा राहिलो. लोक बाहेर पडताना पाळकाशी हात मिळवतात, "सलाम, पाळकसाहेब" म्हणतात, दोन शब्द बोलतात. मी हात पुढे करून उभा, आणि दाराकडे कोणीच येईना. वळून पाहिलं तर रांग लागली होती, पण ती मागच्या बाकाकडे. तिथं बंद गळ्याचा कोट घातलेले एक उंच, कृश म्हातारे गृहस्थ बसले होते. बाया त्यांच्यापुढे लेकरं नेत होत्या, ते लेकरांच्या डोक्यावर हात ठेवत होते. माझ्याशी हात मिळवायला आली ती फक्त शाळेची शिपाईबाई, आणि तिला हॉलला कुलूप लावायचं होतं.

ते रेव्हरंड शांतवन भालेराव. माझ्या आधीचे पाळक. नुकतेच निवृत्त झालेले.

ही मंडळी त्यांनी शून्यातून उभी केली होती. वसाहत नवी होती, कोण कुठं राहायला आलंय कोणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा नाताळच्या दिवसांत कुठल्या खिडकीत चांदणी टांगलीय ते बघत हा माणूस सेक्टरमागून सेक्टर चालायचा. चांदणी दिसली की जिना चढून दार वाजवायचा आणि म्हणायचा, "मी तुमचा पाळक." एकेक घर असं जोडलेलं.

निवृत्तीनंतर त्यांनी गाव सोडायला हवं होतं. पण जायचं कुठं? पाळक जन्मभर चर्चच्या नाहीतर भाड्याच्या घरात राहतो. निवृत्तीच्या दिवशी त्याच्याकडे पुस्तकांच्या पेट्या असतात आणि घर नसतं. भालेरावांची बायको आधीच गेली होती. मुलगी आणि जावई कोपरखैरण्यातच एका बैठ्या घरात राहत होते, तिथं बाहेरच्या खोलीत त्यांची कॉट पडली. आणि रविवारी दुसरीकडे कुठं जाणार म्हणून ते आपल्याच मंडळीत येऊन मागच्या बाकावर बसायचे.

त्यांचं वागणं नियमाला धरून होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. ते पुढे येत नसत, न विचारता प्रार्थना करत नसत. पण ते असत. माझं प्रवचन चालू असताना पन्नास डोळे हळूच मागे वळायचे, म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय दिसतंय ते बघायला. दवाखान्यात कोणाला भेटायला जावं तर कॉटशेजारच्या स्टुलावर भालेराव आधीच बसलेले. मला पाहिलं की गडबडीनं उठायचे. "मी सहज आलो होतो," म्हणायचे, आणि छत्री उचलून निघायचे. मग आजारी माणूस आणि मी एकमेकांकडे बघत बसायचो.

रूथ म्हणायची, "तुम्हाला त्यांचा राग येतो का?"

"राग यावा असं काही ते करतच नाहीत. तीच तर पंचाईत आहे."

असे काही महिने गेले, आणि मग योहान पारखे माझ्या खोलीवर आला. योहान मार्केटात टेम्पो चालवायचा. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा. त्या दिवशी मात्र चप्पल दाराबाहेर काढून अंग चोरून बसला. त्याला नुकतीच मुलगी झाली होती. आधीची दोन बाळं जन्मल्यावर लगेच गेली होती, हे मला ठाऊक होतं.

"साहेब, राग नका मानू," तो म्हणाला. "पोरीचा बाप्तिस्मा करायचाय. पण भालेरावसाहेबांच्या हातून."

"अरे, ते आता निवृत्त झालेत."

"म्हाईत हाय मला. पण माझी दोन लेकरं गेली तवा कोन होतं? तो मानूस पावसात माझ्याबरूबर टेम्पोत बसून दफनभूमीवर आला. छोटी पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला व्हता. मार्था बोलते, ही तिसरी वाचली ती त्यांच्या प्रार्थनेनं. तुमच्यावर आमचं काय नाय साहेब. तुमी चांगलेच हायेत. पण तुमी तवा नव्हता."

तो बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी मंडळीच्या कमिटीपुढे विषय काढला. सेक्रेटरी जाधव एका कारखान्यात सुपरवायझर होते, सरळ आणि नियमाचे कडक. "नाही साहेब," ते म्हणाले. "आज पारख्यांना हो म्हटलं की उद्या सगळेच मागतील. लग्नं त्यांच्याकडे, बाप्तिस्मे त्यांच्याकडे, आणि तुम्ही काय फक्त नोटिसा वाचणार? मग बदली कशाला केली?"

त्यांचंही खरं होतं. पाळकानं बोलावलं तर निवृत्त पाळक येऊन विधी करू शकतो, तशी सोय आमच्यात आहे. पण तेव्हा मंडळी ज्या अवस्थेत होती त्यात ती सोय वापरणं म्हणजे मी स्वतःच्या हातानं स्वतःला मागच्या बाकावर बसवणं होतं.

मी पारखेला चार दिवस थांब म्हणालो. त्याला ते 'नाही' वाटलं. पुढच्या आठवड्यात जाधव घाईघाईनं जिना चढून आले. "साहेब, टेन्शन झालंय. पारखेनं माणसं जमवलीत. ऐरोलीला वेगळी उपासना सुरू करणार म्हणतात. पाळक म्हणून भालेरावसाहेबांना नेणार. त्यांना राहायला खोलीसुद्धा बघितलीय."

मंडळी फुटणं काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. इमारत असली तर निदान इमारत मागे उरते. आमच्याकडे होती ती माणसंच.

त्या संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. खाली हिराजी पाटील ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी मला खाली बोलावलं, म्हातारीला सांगून माझ्यासाठी चहा मागवला.

"ती बिल्डिंग बगता का, पिवली?" ते म्हणाले. "तिथं आमचं भाताचं शेत व्हतं. मी रोज इथंच बसून चा पितो. पोरगा बोलतो, बाबा, तिकडं तोंड करून नका बसू. मंग कुठं तोंड करू? घराचा दरवाजाच तिकडं हाय."

आम्ही दोघं त्या पिवळ्या इमारतीकडे बघत चहा प्यायलो.

त्याच आठवड्यात पाटलांच्या फोनवर माझ्यासाठी निरोप आला. फोन त्यांच्याकडेच होता, सगळी चाळ तो नंबर द्यायची. जालन्याकडच्या माझ्या जुन्या गावात सोनाबाई वारली होती. सोनाबाई म्हणजे त्या चर्चची झाडलोट करणारी, घंटा वाजवणारी, आणि माझ्या दोन्ही मुलांना अंगाखांद्यावर वाढवणारी म्हातारी. निरोप देणारा म्हणाला, "तिची इच्छा होती, तुमीच माती द्यावी म्हणून."

मी आणि रूथ एस.टी.नं गेलो. वाटेत तिनं विचारलं, "प्रार्थना तुम्ही करणार?"

"नाही. तिथं आता दुसरे पाळक आहेत."

"मग आपण कोण म्हणून जातोय?"

"शेजारी म्हणून."

चर्च गच्च भरलं होतं. मी आत शिरून मागच्या बाकावर बसलो. त्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर कधीच बसलो नव्हतो. तिथून वेदी फार लहान दिसते. नवा पाळक तरुण होता, नुकताच आलेला, भला मुलगा. त्यानं मनापासून प्रार्थना केली आणि मग म्हणाला, "आपल्या सोनाबाई अतिशय शांत, मितभाषी होत्या." सोनाबाईचा आवाज पार विहिरीपर्यंत जायचा. ती माझ्याशीसुद्धा भांडायची. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग हळूहळू सगळी डोकी मागे वळली, माझ्याकडे. पुढून कोणीतरी म्हणालं, "साळवेसाहेब आलेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

माझ्याकडे दोनशे शब्द होते. तिच्या शिव्यासुद्धा पाठ होत्या. मी मान हलवून नाही म्हणालो आणि खाली बघत बसलो. बाकाची कड मी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती हे रूथनं माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं. दफनभूमीवर सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली आणि आम्ही परतीची गाडी धरली.

वाशीला उतरल्यावर रूथला घरी पाठवून मी सरळ भालेरावांकडे गेलो.

ते बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून नातवाच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत होते. मला पाहून उठायला लागले.

"बसा साहेब. मी जालन्याहून येतोय. मागच्या बाकावर बसून आलो."

मी सगळं सांगितलं. शांत, मितभाषी सोनाबाई ऐकल्यावर ते हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले.

"पारखे आला होता माझ्याकडे," ते म्हणाले. "ऐरोलीचं विचारायला."

"माहीत आहे."

"मी नाही म्हणालो नाही अजून. खरं सांगतो साळवे, हो म्हणावंसं वाटतंय. रविवारी सकाळी उठल्यावर काय करायचं, हे मला कोणी शिकवलंच नाही. चाळीस वर्षं त्या वेळी प्रवचनाची टाचणं बघत होतो. आता बूट पुसतो." त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. "लोक येतात, हात जोडतात. मला बरं वाटतं. तुम्ही दाराशी उभे दिसता. मग वाईट वाटतं. पण आधी बरं वाटतं."

"बाप्तिस्मा तुम्ही करा," मी म्हणालो. "मी मंडळीपुढे तुम्हाला बोलावतो. कमिटीचं मी बघून घेईन."

एस.टी.त बसल्या बसल्या मी ते ठरवलं होतं. जाधव रागावले तर रागावोत.

त्यांनी पॉलिशच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तुम्ही बोलावलंत, हे मी विसरणार नाही. पण मी पाण्याला हात लावला तर ही मंडळी तुमची कधीच होणार नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही."

"आणि नाही लावला तर पारखे जाईल. बरोबर पंधरा-वीस घरं जातील."

"पारखेकडे मी जातो," ते म्हणाले आणि छत्री शोधायला लागले.

तिथं काय बोलणं झालं ते मला पुष्कळ नंतर मार्थानं, पारखेच्या बायकोनं सांगितलं. योहान आधी खूप तावातावानं बोलला. भालेरावांनी ऐकून घेतलं. मग आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरून म्हणाले, "योहान, या हातांनी तुझ्या दोन लेकरांना माती दिली. या लेकराला नव्या हातानं पाणी मिळू दे." मार्था म्हणाली, "आमचे हे येवढे मोठे गडी, पण त्यांच्यापुढं बसून लहान पोरासारखे रडले."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी हॉल भरला होता. शेजारच्या वर्गातून आणलेल्या टेबलावर पांढरा कपडा आणि रूथचं स्टीलचं पातेलं, कारण बाप्तिस्म्याचं भांडंही आमच्याकडे नव्हतं. एरवी आई किंवा बाप बाळाला पाळकाच्या हातात देतात. मी पारखे कुटुंबाला पुढे बोलावलं. योहान आणि मार्था उठले, पण बाळ त्यांच्याकडे नव्हतं. मागच्या बाकावरून भालेराव उठले. पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली पोर छातीशी धरून, बाकांच्या मधून, म्हातारपणाच्या सावध पावलांनी ते पुढे आले.

ते माझ्यासमोर उभे राहिले. मी हात पुढे केले. त्यांनी पोर माझ्या हातांत ठेवली, आणि तिच्या मानेखालचा माझा हात नीट बसलाय की नाही ते पाहून मगच आपला हात काढून घेतला.

"या बालिकेचं नाव काय?" मी विचारलं.

भालेरावांनी तिला दबोरा हे बायबलमधलं नाव सुचवलं होतं. आईबापांना वेगळंच आवडलं होतं.

"मोनिका," ते म्हणाले. नाव त्यांना अजिबात पसंत नाही हे सगळ्या हॉलला ऐकू गेलं. लोक हसले. योहान सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या हसण्यात मी पोरीच्या कपाळावर पाणी घातलं, आणि तिनं जो टाहो फोडला तो हिराजी पाटलांच्या म्हातारीलाही चालला नसता. भालेराव डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे मान वाकवली, आणि मला काय करावं ते कळायच्या आत हळू आवाजात म्हणाले, "हात ठेवा, साळवेसाहेब. लोक बघतायत."

मी त्यांच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला. प्रार्थनेचे शब्द मला आठवले नाहीत. मी नुसतं "आमेन" म्हणालो. मंडळी मागून "आमेन" म्हणाली.

सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. काही घरं ऐरोलीला गेलीच, ती परत आली नाहीत. जाधव मला कितीतरी दिवस "ही पद्धत नाही" असं ऐकवत राहिले. पारखे मात्र राहिला. आणि आठवड्याभरानं त्याच्या भावकीतला एक जण आजारी पडला तेव्हा तो पहाटेच बोनकोड्याच्या आमच्या जिन्यात येऊन ओरडला, "पाळकसाहेब, चला!" मी बाहीत हात घालता घालता खाली धावलो. मला त्या मंडळीत पहिल्यांदाच कोणी असं दरडावून बोलावलं होतं.

नाताळ झाल्यावर भालेराव नगरला पुतण्याकडे राहायला गेले. मी त्यांना अडवायला गेलो होतो. "आता सगळं ठीक आहे, कशाला जाता?" म्हणालो. ते पेट्यांना दोऱ्या बांधत होते. "ठीक आहे म्हणूनच जातो," म्हणाले. "बिघडल्यावर जाणं म्हणजे रुसून गेल्यासारखं दिसतं." पारखेनं टेम्पो आणला, पेट्या चढवल्या. मोनिकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हातारा पुढच्या सीटवर बसला. पुढे दोनेक वर्षांनी ते वारले. बातमी आम्हाला माती झाल्यावर कळली. एखाद्या नाताळाला तरी त्यांना बोलावून आणायला हवं होतं, ही रुखरुख माझ्या मनात अजून आहे. 'नियम' म्हणून मी बोलावलं नाही, आणि नियम म्हणून तेही आले नाहीत.

मी त्या मंडळीत बरीच वर्षं होतो. मग आणखी बदल्या झाल्या, मग निवृत्ती. मुलानं कामोठ्याला फ्लॅट घेतला, आम्ही दोघं त्याच्याकडे राहतो. जवळच एक चर्च आहे, वेगळ्या मिशनचं. तिथं मला कोणी ओळखत नाही, आणि मी ते मुद्दाम निवडलं आहे. मागच्या पावसाळ्यात तिथला तरुण पाळक आमच्या घरी भेटीला आला. चांगला पोरगा. चहा झाला, प्रार्थना झाली. मग माझी विचारपूस करत म्हणाला, "काका, आधी कुठल्या मंडळीत होता तुम्ही?"

"कोपरखैरण्याच्या."

रूथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"जुनी मंडळी आहे ती," तो म्हणाला. "तिथले पाळक कसे होते हो?"

"माझ्या वेळी दोन होते," मी म्हणालो. "पहिले फार चांगले होते."